तीनशेएकाव्या युनिटची भीती

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यातील मुख्य भाग असा:

"सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे दुमजली घर आहे. खाली सासूबाई, माझे यजमान, मी आणि मुलगी. वर दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुले. जिना आणि स्वयंपाकघर वेगळे आहे, पण महावितरणचे मीटर एकच आहे आणि ते सासूबाईंच्या नावावर आहे. वरच्या मजल्यासाठी आम्ही आमच्यापुरता एक सबमीटर बसवून घेतला आहे. मे महिन्यात 312 युनिटचे बिल आले, त्यात वरचे 190 आणि खालचे 122 युनिट होते. शेजारी सांगतात की 300 च्या वर एक युनिट जरी गेले तरी सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो. तेव्हापासून सासूबाई (वय 74) पंचवीस तारीख उलटली की रात्री पंखा बंद करून झोपतात. बिलाच्या वाटणीवरून आम्हा जावांमध्ये कटुता येऊ लागली आहे. मी घरी ब्लाऊज शिवते, त्यामुळे मीटर व्यापारी होईल अशीही भीती घातली जाते. हे दर ठरवते तरी कोण, आणि एका बिलात इतके वेगवेगळे आकार कशासाठी?"

आदरणीय भगिनी,

सासूबाईंचा पंखा आज रात्रीपासून चालू राहू द्या. शेजाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट चुकीची आहे, आणि ती चुकीची कशी हे आपण त्यांनाही कागदावर दाखवू शकाल, म्हणून आकडेमोडीपासूनच सुरुवात करते.

महाराष्ट्रात घरगुती वीजदराचे टप्पे, म्हणजे ज्यांना आपण स्लॅब म्हणतो ते, पायऱ्यांसारखे असतात. पहिल्या 100 युनिटना पहिल्या टप्प्याचा दर लागतो, 101 ते 300 या युनिटना दुसऱ्या टप्प्याचा, 301 ते 500 या युनिटना तिसऱ्याचा आणि त्यापुढच्या युनिटना चौथ्याचा. वरच्या पायरीवर पाय ठेवला म्हणून खालच्या पायऱ्यांचा दर बदलत नाही. उदाहरणासाठी 2024-25 चे महावितरणचे दर घेते, जे जून 2025 अखेरपर्यंत लागू होते. वीज आकार पहिल्या टप्प्यात युनिटला 4.71 रुपये, दुसऱ्यात 10.29, तिसऱ्यात 14.55 आणि चौथ्यात 16.64 रुपये होता; शिवाय प्रत्येक युनिटमागे 1.17 रुपये वहन आकार होता. दोन्ही मिळून हे दर अनुक्रमे 5.88, 11.46, 15.72 आणि 17.81 रुपये होतात. आपल्या हातातील बिलाला याहून वेगळे दर लागले असतील, तर तेवढे आकडे बदलून घ्या. हिशेबाची रीत तीच राहते.

आता आपले 312 युनिट मांडू. पहिल्या 100 युनिटचे 588 रुपये, पुढच्या 200 युनिटचे 2,292 रुपये आणि उरलेल्या 12 युनिटचे 188 रुपये 64 पैसे. एकूण 3,068 रुपये 64 पैसे. यात सुमारे सव्वाशे रुपयांचा स्थिर आकार मिळवला आणि त्या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क लावले, की रक्कम सुमारे 3,705 रुपये होते. शेजाऱ्यांचे म्हणणे खरे असते, तर सगळे 312 युनिट 15.72 च्या दराने मोजले गेले असते आणि स्थिर आकार व शुल्क धरण्यापूर्वीच ही रक्कम 4,900 च्या पुढे गेली असती. प्रत्यक्षात ते वरचे 12 युनिट दुसऱ्या टप्प्यातच राहिले असते तर आपले शुल्कासह सुमारे 59 रुपये वाचले असते. तीनशेचा आकडा ओलांडल्याची एकूण किंमत एवढीच आहे.

पंख्याचा हिशेबही करून टाकू. जुना छताचा पंखा साधारण 75 वॅटचा असतो. तो रात्री आठ तास फिरला तर 600 वॅट-तास, म्हणजे 0.6 युनिट वीज लागते. सासूबाईंनी पाच रात्री उकाडा सोसला, तेव्हा 3 युनिट वाचले, आणि ते तिसऱ्या टप्प्याच्या दराने धरले तरी शुल्कासह 55 रुपये होतात. मे महिन्यातल्या उकाड्यात चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने पाच रात्री तळमळत काढाव्यात, इतकी ही रक्कम मोठी नाही. बचत करायचीच असेल तर गिझरकडे पाहा. 2,000 वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट होतो, आणि तो चुकून तासभर सुरू राहिला तर एका सकाळी तीन रात्रींच्या पंख्याहून अधिक वीज जाते. पंखा कधीतरी बदलण्याची वेळ येईल तेव्हा कमी वीज खाणाऱ्या नव्या बीएलडीसी मोटरच्या प्रकारातला घ्या. तो सुमारे 30 वॅटवर चालतो.

ही समजूत इतकी पक्की का बसली असावी, याचा मी विचार केला आहे. एक कारण असे की काही राज्यांत सवलतीच्या योजना खरोखरच डोंगराच्या कड्यासारख्या आहेत. दिल्लीत 2019 पासून महिन्याला 200 युनिटपर्यंतचे बिल माफ आहे, 201 ते 400 युनिटपर्यंत मर्यादेत अर्धी सवलत आहे आणि 400 च्या पुढे सवलत नाही. तिथे एका युनिटने शेकडो रुपयांचा फरक पडू शकतो. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांकडून ऐकलेली गोष्ट इकडे येऊन नियम म्हणून सांगितली जाते. दुसरे कारण आपल्याच बिलात आहे. वापर वाढला की वरचे युनिट महाग असल्यामुळे बिल वापराच्या प्रमाणाबाहेर वाढलेले दिसते, आणि मग "सगळ्यालाच वरचा दर लागला" असे वाटणे स्वाभाविक आहे.

आता दर ठरवते कोण, या आपल्या प्रश्नाकडे येते. आपल्या गावचे उपविभाग कार्यालय ते ठरवत नाही, आणि महावितरण कंपनीही स्वतःच्या मर्जीने ठरवू शकत नाही. पूर्वी राज्यात एकच वीज मंडळ होते. जून 2005 मध्ये त्याचे विभाजन होऊन वीज तयार करणारी महानिर्मिती, ती उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून आणणारी महापारेषण आणि घरोघरी पोहोचवणारी महावितरण अशा कंपन्या झाल्या. दर ठरवण्याचा अधिकार मात्र त्याआधीच, 1999 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे गेला होता, आणि आज तो अधिकार वीज कायदा, 2003 खाली चालतो. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा यांचे दर वेगळे असतात, पण त्यांनाही आदेश याच आयोगाचा लागतो. गोव्यात वीज खाते सरकारी आहे आणि तिथले दर गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त आयोग ठरवतो.

कंपनी आयोगापुढे याचिका दाखल करते आणि पुढील काही वर्षे कारभार चालवण्यासाठी किती महसूल लागेल याचा तपशील देते: वीजखरेदी, पारेषणाचे शुल्क, कर्मचाऱ्यांचे पगार, तारा-खांब-रोहित्रांची देखभाल, कर्जावरचे व्याज, घसारा आणि भागभांडवलावरचा परतावा. आयोग यातील प्रत्येक खर्च तपासतो, काही मान्य करतो, काही कापतो, मागील वर्षांचा प्रत्यक्ष जमाखर्च ताळ्याशी लावून पाहतो आणि मग मान्य झालेली रक्कम घरगुती, व्यापारी, औद्योगिक, कृषी अशा वर्गांत दरांच्या रूपाने वाटून देतो. वीजगळतीचेही तसेच आहे. चोरी आणि तारांतील घट यांपैकी किती भार दरात धरायचा, याची मर्यादा आयोग घालून देतो, आणि कंपनीची गळती त्याहून जास्त असली तर तो सगळा बोजा आपोआप ग्राहकावर टाकता येत नाही. आयोगापुढे या आकड्यांवर बारकाईने बोलणारे लोक आहेत, ही मला मोठी समाधानाची गोष्ट वाटते. पुण्याच्या प्रयास संस्थेसारख्या अभ्यासू मंडळींनी कित्येक वर्षे हे चिकाटीचे काम केले आहे.

या सगळ्या खर्चात सर्वांत मोठा वाटा वीजखरेदीचा असतो. बाकी सर्व खर्च एकत्र केले तरी त्याच्या जवळपास पोहोचत नाहीत. खरेदीचे करार बहुधा दोन भागांचे असतात. वीजकेंद्र तयार स्थितीत ठेवल्याबद्दल स्थिर रक्कम द्यावी लागते आणि प्रत्यक्ष घेतलेल्या विजेसाठी इंधनाची किंमत वेगळी द्यावी लागते. म्हणजे मागणी कमी झाली आणि एखादा संच बंद ठेवला, तरी त्याची स्थिर रक्कम चुकत नाही. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाने महाराष्ट्राला हा धडा फार महागात शिकवला. 2001 साली वीज मंडळाने ती वीज घेणे थांबवले, त्याचे मूळ कारण करारातली ही न परवडणारी किंमतच होती.

आपल्याकडची कोयना मात्र स्वस्त विजेचे उत्तम उदाहरण आहे, कारण तिला कोळसा लागत नाही आणि तिचे संच काही मिनिटांत सुरू करता येतात. म्हणून संध्याकाळी घराघरांत दिवे लागले आणि मागणी चढली की कोयनेला हाक मारली जाते. पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचे पाणी कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) एवढेच ठरवून दिले आहे, त्यामुळे ते जपून वापरावे लागते. उरलेला मोठा भार चंद्रपूर, कोराडी यांसारख्या कोळशाच्या केंद्रांवर आणि अलीकडे दिवसा सौर विजेवर येतो.

कोळशाची किंमत वर्षभर एकसारखी राहत नाही, आणि दरवेळी नव्याने दर ठरवणे शक्य नसते, म्हणून बिलात इंधन समायोजन आकार नावाची ओळ असते. खरेदीचा खर्च अंदाजाहून वाढला तर ही ओळ अधिक होते, घटला तर उणेही होऊ शकते. 2022 च्या उन्हाळ्यात देशभर कोळशाची टंचाई झाली, महाग वीज घ्यावी लागली, आणि त्यानंतरच्या महिन्यांत ही ओळ अनेकांच्या डोळ्यांवर आली. ही ओळ दर महिन्याला नजरेखालून घाला. एकाच घरात, तेवढेच युनिट जळून, दोन महिन्यांची बिले वेगळी येण्याचे कारण बहुधा इथेच सापडते.

टप्पे तरी का ठेवले, असे आपण विचारले नसले तरी तो प्रश्न पत्रात दडलेला आहे. एक दिवा, एक पंखा आणि एक टीव्ही एवढ्यावर चालणाऱ्या घराला वीज परवडावी, म्हणून पहिल्या 100 युनिटचा दर वीजपुरवठ्याच्या सरासरी खर्चापेक्षा कमी ठेवला जातो. ती तूट कुठून तरी भरून काढावी लागते, आणि ती जास्त वापर असलेल्या घरांकडून, दुकानांकडून व कारखान्यांकडून काही प्रमाणात भरून घेतली जाते. शेतीपंपांच्या दराचा भारही असाच इतर वर्गांवर येतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून जी मोफत वीज मिळते, तिची रक्कम मात्र राज्य सरकारने कंपनीला द्यायची आहे. एका वर्गाने दुसऱ्याचा भार किती उचलावा, याबद्दल केंद्राच्या दरधोरणाने सरासरी खर्चाच्या वीस टक्के खाली किंवा वर अशी दिशा दिली आहे. माझे स्वतःचे मत विचाराल, तर पहिला टप्पा स्वस्त असणे योग्यच आहे, पण दुसरा टप्पा 100 वरच सुरू होणे आज जाचक झाले आहे. फ्रीज, मिक्सर आणि दोन-तीन पंखे असलेले साधे घरही आता सहज शंभरी ओलांडते, आणि तिथे दर जवळजवळ दुप्पट होतो. हे मत मी जनसुनावणीसाठी लेखी पाठवले आहे. आपणही पाठवू शकता.

हा अधिकार फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. दराची याचिका आली की वर्तमानपत्रांत जाहीर सूचना प्रसिद्ध होते, याचिकेचा मराठी सारांश उपलब्ध होतो, कोणताही ग्राहक ठरलेल्या मुदतीत लेखी सूचना किंवा हरकत पाठवू शकतो, आणि पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांत सुनावण्या होतात. वकील लागत नाही. याचिका स्वीकारल्यापासून 120 दिवसांत आयोगाने आदेश द्यावा असे कायद्यात आहे. दर किती चंचल असू शकतात हे 2025 मध्ये सर्वांनी पाहिले. पाच वर्षांच्या दरांचा आदेश 28 मार्चला निघाला, कंपनीच्या विनंतीवरून 2 एप्रिलला त्याला स्थगिती मिळाली, जुनेच दर पुढे चालू राहिले, 25 जूनला पुनर्विलोकनाचा आदेश आला, नवे दर 1 जुलैपासून लागू झाले आणि वाद पुढे न्यायालयात गेला. म्हणून कोणी तोंडी दर सांगितला तर तो कोणत्या आदेशातला आणि कोणत्या तारखेपासूनचा, हे आधी विचारावे.

बिलातल्या उरलेल्या ओळींबद्दल थोडक्यात सांगते. स्थिर आकार हा जोडणी तयार ठेवल्याबद्दलचा आहे, म्हणून घर वर्षभर कुलूपबंद असले तरी तो चुकत नाही. कोकणातल्या बंद घरांची बिले मुंबईकरांना यामुळेच येत राहतात. वहन आकार हा तारा, खांब आणि रोहित्रे यांच्या जाळ्याचा खर्च आहे. वीज शुल्क 16 टक्के असते आणि ते कंपनीचे उत्पन्न नव्हे, राज्य सरकारकडे जमा होणारा कर आहे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन या सर्वांवर तो लागतो, त्यामुळे युनिटचा दर वाढला की शुल्कही आपोआप वाढते. उन्हाळ्याच्या सुमारास याशिवाय सुरक्षा ठेवीच्या फरकाचे एक वेगळे देयक येऊ शकते. ती ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी ठेवावी लागते, तिच्यावर दरवर्षी व्याज मिळते, आणि हे देयक चालू बिलात मिसळून पाहू नये. मुदतीच्या आत लवकर बिल भरले तर एक टक्का सवलत मिळते; छापील बिलाऐवजी ई-मेलवर बिल मागवले तर दर बिलामागे दहा रुपये कमी होतात. मुदत टळली तर सव्वा टक्का आकार पडतो.

रीडिंगबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण खरी चूक झालीच तर ती बहुधा तिथे होते. आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दर महिन्याच्या एक तारखेच्या चौकोनात मी मीटरचा आकडा पेन्सिलीने लिहिते. दोन वर्षांपूर्वी एका महिन्यात बिलावरचे चालू रीडिंग माझ्या आकड्याहून 90 ने पुढे होते; ती पेन्सिलीची नोंद आणि मीटरचा फोटो घेऊन गेल्यावर बिल दुरुस्त झाले, नोंद नसती तर ते दुरुस्त करून घेणे अवघड गेले असते. आपणही बिलावरचे मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि दोन्हींच्या तारखा मीटरशी ताडून पाहा. घर बंद असल्याने किंवा मीटरपर्यंत पोहोचता न आल्याने सरासरी बिल आले असेल, तर पुढच्या खऱ्या रीडिंगच्या वेळी साचलेले युनिट त्या सर्व महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याला टप्प्यांचा लाभ मिळायला हवा. 2020 च्या टाळेबंदीत नेमके हेच घडले. तीन महिने सरासरी बिले आली, जूनमध्ये एकदम मोठे बिल आले, लोक संतापले, आणि तो हिशेब महिन्यांत विभागून केला आहे हे कंपनीला गावोगावी समजावून सांगावे लागले. आपल्याला असे बिल आले तर विभागणीचा तक्ता मागून घ्या.

मीटरच वेगाने पळतो आहे असा संशय असेल, तर एक साधी तपासणी घरी करता येते. मीटरनंतरचा मुख्य स्विच बंद करा, इन्व्हर्टरही बंद ठेवा, आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा दहा-पंधरा मिनिटे पाहत राहा. सगळे बंद असताना तो लुकलुकत राहिला, तर मीटर तपासून घ्यायला सबळ कारण आहे. ठरलेले शुल्क भरून कंपनीकडे मीटर चाचणीचा अर्ज करता येतो. मुख्य स्विच चालू पण प्रत्येक उपकरण बंद असताना तो लुकलुकत असेल, तर दोष बहुधा घरातल्या वायरिंगमध्ये आहे आणि चांगल्या वायरमनला बोलावले पाहिजे.

आपल्या शिलाई मशीनबद्दल. आयोगाच्या दरआदेशांत घरगुती वर्गाची व्याप्ती लिहिलेली असते, आणि तीत अशी तरतूद आहे की ज्या घराचा वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षात 3,600 युनिटपर्यंत आहे, त्या घराच्या एखाद्या भागात छोटा व्यवसाय चालत असला तरी दर घरगुतीच लागतो. 3,600 ची मर्यादा ओलांडली आहे का हे आर्थिक वर्षाच्या शेवटी पाहायचे असते, आणि वर्ग बदलायचा झाल्यास तशी पूर्वसूचना द्यावी लागते. खालच्या मजल्याचा 122 युनिटचा वापर पाहता आपल्या ब्लाऊजच्या शिलाईला काहीही धोका नाही. धोका आहे तो दोन घरांचा वापर एका मीटरवर मोजला जाण्यात, कारण दोन्ही मजले मिळून मे महिन्यात 312 झाले आहेत आणि हीच गती राहिली तर वर्षाचा आकडा 3,600 च्या पुढे जाईल.

इथेच आपल्या जावांमधल्या वादाचेही मूळ आहे. सध्याच्या 3,705 रुपयांच्या बिलाची वाटणी युनिटच्या प्रमाणात केली, तर वरच्या मजल्याला 2,256 आणि आपल्याला सुमारे 1,449 रुपये येतात. स्वतंत्र मीटर असते, तर 122 युनिटना स्थिर आकार व शुल्कासह सुमारे 1,120 रुपये आणि 190 युनिटना सुमारे 2,024 रुपये पडले असते. म्हणजे दोन्ही घरे मिळून महिन्याला सुमारे 560 रुपये जास्त भरत आहेत. जाऊबाईंनी जास्त वीज वापरली म्हणून ते गेलेले नाहीत आणि आपण मशीन चालवली म्हणूनही नाहीत; दोन संसारांना मिळून पहिले स्वस्त 100 युनिट एकदाच मिळतात, म्हणून ते जातात. जाऊबाईंशी बोलताना हा आकडा आधी समोर ठेवा. दोघींचेही नुकसान एकाच कारणाने होते आहे हे दिसले की बोलणे सोपे होईल.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की वरच्या मजल्यासाठी दिरांच्या नावाने स्वतंत्र जोडणीचा अर्ज करा. मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला मागणीनुसार वीजजोडणी देणे हे वीज कायद्याच्या कलम 43 नुसार कंपनीचे कर्तव्य आहे. अर्जासोबत सासूबाईंचे संमतिपत्र, घराच्या उताऱ्याची प्रत आणि दिरांचा त्या पत्त्याचा पुरावा जोडा. कंपनीचा माणूस पाहणीला येईल. आपला जिना आणि स्वयंपाकघर वेगळे आहे हे त्याला दाखवा, आणि वरच्या मजल्याचे वायरिंग खालच्यापासून पूर्णपणे तोडून स्वतंत्र करून ठेवा. केवळ टप्पा मोडण्यासाठी एकाच संसाराचा वापर दोन मीटरवर वाटणे नियमात बसत नाही, पण आपल्याकडे खरोखर दोन संसार आहेत, त्यामुळे संकोचाचे कारण नाही. नवे मीटर बसेपर्यंत वाटणी सबमीटरच्या युनिटच्या प्रमाणातच करा आणि स्थिर आकार दोघांनी निम्मा-निम्मा भरा. तो वापरावर अवलंबून नसतो.

अर्ज रखडला, किंवा पुढे कधी बिलाबद्दल वाद झाला, तर आधी उपविभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तिथे निर्णय लागला नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तिथेही वकील लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावे लागते, आणि मंचाचा निर्णय मान्य नसेल तर 60 दिवसांत विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. वादातल्या बिलासाठी कोणी लगेच वीज तोडण्याची भाषा केली, तर कलम 56 लक्षात ठेवा. 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय पुरवठा तोडता येत नाही, आणि मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. पैसे भरताना "निषेधासह" हा शब्द अर्जावर लिहायला विसरू नका, आणि शिक्का मारलेली प्रत बिलांच्या फायलीत लावून ठेवा.